पाय निघेना

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि सोसायट्या जास्त झाल्या होत्या. सोसायट्या झाल्या की सांस्कृतिक मंडळ होतंच. ते लावावं लागत नाही, आपोआप उगवतं.

या मंडळाचे अध्यक्ष होते गवाअण्णा आणि सचिव होत्या खारताई. दर वर्षी मोठ्या मंडपात स्नेहसंमेलन व्हायचं. आधी पिल्लांचे नाच, मग पिल्लांचा फॅन्सी ड्रेस, मग उरलेली पिल्लं. आणि अगदी शेवटी दयाळबुवांचं गाणं.

दयाळबुवा म्हणजे काळापांढरा, टीचभर पक्षी. पण गळा काय गोड! ऐकायला कुणी नसायचं, ही गोष्ट वेगळी.

"तुम्हाला शेवटी ठेवलंय, म्हणजे लोक थांबतील," असं खारताई दर वर्षी सांगायच्या. लोक काही थांबायचे नाहीत. आपलं पिल्लू स्टेजवर आलं की आईबाप मोबाइल उंचावून पुढे धावायचे. पिल्लू खाली उतरलं की त्याला काखोटीला मारून घरी! बुवा तंबोरा लावेपर्यंत समोर नुसत्या खुर्च्या.

यंदा गवाअण्णांनी बुवांना बाजूला घेतलं.

"बुवा, राग मानू नका. पण शेवटपर्यंत एक तरी श्रोता दिसला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी गाण्याऐवजी लकी ड्रॉ."

वर्षभर बुवा त्या अर्ध्या तासासाठी रियाज करत. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. कासवकाकांचा नातू पहिल्याच नाचात होता. त्यानंतर माकडाच्या पोराने माणसाचं सोंग आणलं आणि बक्षीस पटकावलं. रांगांमागून रांगा रिकाम्या झाल्या. बुवांनी समोर बघायचंच सोडून दिलं. डोळे घट्ट मिटले आणि सूर लावला.

गाणं संपल्यावर भीतभीत डोळे उघडले, तर काय! मंडपाच्या गेटपासून चार हातांवर साक्षात कासवकाका!

बुवांना रडू कोसळलं. स्वतःच्या सत्काराची शाल घेऊन ते धावत गेले आणि काकांच्या पाठीवर घातली.

"काका, तुम्ही एकटे थांबलात हो माझ्यासाठी!"

"थांबलो?" काका म्हणाले. "अहो, नातवाचा नाच झाला तेव्हाच निघालोय मी. बघताय ना, किती घाईत आहे!"

बुवा एवढंसं तोंड करून परत फिरले. मागे उभ्या असलेल्या खारताईंनी मात्र हे सगळं ऐकलं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही, फक्त गवाअण्णांना सांगितलं. आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहून टाकलं : 'गाणं असं रंगलं की रसिकांचा पाय निघेना!'

दुसऱ्याच दिवशी मंडळाने गेट उचलून पार ओढ्यापलीकडे नेलं. वाटेवर दर दहा पावलांना एक कर्णा टांगला.

पुढच्या वर्षी आईबाप पिल्लं घेऊन पळाले खरे, पण गेटपाशी पोहोचेपर्यंत बुवांचं गाणं संपत आलं होतं. अख्ख्या जंगलाने ते ऐकलं. काहींनी तर चालता चालता मान डोलावली.

गाणं झाल्यावर बुवा वाटेवर आले, तर ओढ्याच्या अलीकडे शाल पांघरलेले कासवकाका.

"काका! यंदा नातू नाचात नव्हता, तरी आलात?"

"आलोय कुठला? मागच्या वर्षीचाच निघालोय अजून. पोचत आलो होतो, तर तुम्ही गेट हलवलंत!"

बुवा ओशाळले. काका दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. या खेपेला खरोखरच थांबले.

"बुवा, ती मधली तान मागच्या वर्षी जास्त लांब घेतली होती. यंदा आखडती का घेतलीत?"

तात्पर्य : कला चांगली असेल तर रसिक आपोआप थांबतो, असं मोठी माणसं सांगतात. बाळांनो, तुम्ही गेट लांब ठेवा.