सहा वाजून बारा मिनिटांचं पाणी

"गुरुवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मीनेला सहा फूट पाणी येणार आहे," हौशीरामने चहाची बशी खाली ठेवून जाहीर केलं. "ज्यांच्या मोटरी नदीवर आहेत त्यांनी त्या वर ओढून घ्याव्यात. नंतर मला कुणी बोल लावू नये."

हवामानावर बोलताना हौशीराम पुस्तकी मराठी वापरत असे. घरचं बोलणं निराळं. त्याने पुस्तकी सूर लावला की वारूळवाडीच्या टपरीवरची माणसं आपोआप सरळ बसत.

साल दोन हजार तीन, महिना एप्रिल. आभाळ धुतलेल्या परातीसारखं कोरं. मीना नदीला पाणी म्हणाल तर बंधाऱ्याच्या मागे तेवढा डोह होता आणि त्यात कुशाबाची म्हैस. बंधाऱ्याच्या खाली वाळू आणि दगड. अशा नदीला सहा फूट पाणी येणार हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याला ऊन लागल्याचं समजून कांदा हुंगवला असता. पण हौशीरामची गोष्ट वेगळी होती. मार्चमध्ये टीव्हीवरची बाई हवा कोरडी राहील म्हणाली, तेव्हा हौशीराम एकटा पाऊस पडेल म्हणाला होता, आणि पडलाही. अकरा थेंब. कुशाबाच्या वाळत घातलेल्या धोतरावर त्याने ते सगळ्यांसमक्ष मोजून दाखवले होते.

तेव्हापासून तो दर मंगळवारी नारायणगावला स्नेहलच्या नेट कॅफेत जाई. स्नेहल वारूळवाडीचीच सून. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून सासऱ्यांनी तिला स्टँडमागे गाळा घेऊन दिला होता. त्या मंगळवारी गाळ्यात गर्दी होती. दहावीच्या मुलांना नव्या नट्यांचे फोटो हवे होते. स्नेहलने विचारलं, काका, कुठलं हवामान हवंय? हौशीराम म्हणाला, नदीकाठच्या गावाचं, पश्चिमेकडचं, आणि जरा सविस्तर. तिने तेवढे शब्द टाकले. समोर पंधरा-वीस पानांची यादी आली. ती समजावून सांगायला लागली, पण हौशीरामने हात वर केला. आपण जुन्नरच्या कॉलेजात दोन वर्षं काढली आहेत, इंग्रजी आपल्याला येतं, असं त्याने तिला दर मंगळवारप्रमाणे याही मंगळवारी सांगितलं आणि यादीतलं सगळ्यात जास्त चित्रं असलेलं पान स्वतः बोट ठेवून निवडलं.

छापून दोन कागद निघाले. पहिल्यावर वर मोठं नाव आणि खाली एका फळीवर उभा असलेला चड्डीतला माणूस. हवामानाच्या कागदावर ह्याचं काय काम, असं म्हणून हौशीरामने तो कागद तिथेच ठेवला आणि त्याचे दहा रुपये वाचवले. दुसरा कागद मात्र पाहत राहावा असा होता. वारांचे रकाने, वाऱ्याचे बाण, निळे खांब. गुरुवारचा खांब सगळ्यात उंच, त्यावर सहा फूट. खाली वेळा, मिनिटांसकट. पाणी चढणार सकाळी सहा बारा, उतरणार दुपारी बारा वीस, पुन्हा चढणार संध्याकाळी सहा सदतीस. शेजारी पाच चांदण्या. चांदण्या म्हणजे धोका, हे त्याने जीपमध्ये बसल्या बसल्या ठरवलं.

आता टपरीवर तो कागद हातोहात फिरला. पाऊस नाही तर पाणी येणार कुठून, असं कुणीतरी विचारलंच. त्याला हौशीरामने उत्तर द्यायच्या आधी कुशाबाने दिलं. वरून धरणातून सोडणार असतील, दुसरं काय. मिनिटांसकट वेळ दिली आहे म्हणजे वरच्या साहेबाच्या टेबलावरचाच कागद असणार. यावर एका म्हाताऱ्याने शंका काढली की सरकारी पाणी आणि मिनिटावर? पण तोवर लोक उठले होते.

बुधवारी दुपारपर्यंत नदीकाठच्या तेरा मोटरी वर निघाल्या. दोर बांधून, पाइप सोडून, एकमेकांच्या आईची आठवण काढत. नुकती लावलेली टोमॅटोची रोपं माना टाकून हा प्रकार बघत होती. हौशीराम काठावर उभा राहून कुणाची मोटर किती वर घ्यायची ते हाताने दाखवत होता. चाळीस वर्षांत गावाने त्याचं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

घरी आला तर बायको साळुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती.

"अवं, समद्या गावाच्या मोटरी काडल्या. आन् आपल्या वावरात एकशेवीस मेंढरं बसल्यात, त्येंचं काय?"

तिने पुढे केलेला तांब्या हौशीरामच्या हातातच राहिला.

मेंढरं होती बिरदेवची, आणि त्या मेंढरांसाठी हौशीरामने दोन वर्षं वाट पाहिली होती. वावर रिकामं झालं की धनगराचा कळप त्यात चार-पाच रात्री बसवायचा. लेंडी-मुताने जमीन अशी काही उठते की पोत्यातल्या खताला ते जमत नाही. पण कळप एक आणि वावरं पन्नास. गेल्या वर्षी हौशीरामचा चुलतभाऊ धर्माजी याने बिरदेवला पुरणपोळी घालून ऐन वेळी आपल्या माळावरच्या वावरात वळवलं होतं, आणि पुढे सगळा पावसाळा हौशीरामला बांधापलीकडचे धर्माजीचे टोमॅटो पाहून डोळे मिटून घ्यावे लागले होते. यंदा त्याने गुढीपाडव्यालाच बिरदेवच्या हातावर नारळ ठेवला. पाच रात्री, भाकर मालकाची, शब्द पक्का. एकदा नारळ घेतला की रात्री पुऱ्या होईपर्यंत धनगर हलत नाही, मग शेजारचा सोन्याचं ताट देवो. फक्त मालक स्वतः 'ऊठ' म्हणाला तर गोष्ट वेगळी. आणि असं म्हणणारा मालक अजून जन्मायचा होता.

पाचांतल्या दोन रात्री झाल्या होत्या. आणि हौशीरामचं वावर नदीला लागून होतं, हाताने पाणी घेता येईल इतकं.

त्याने घरात तीन येरझारा घातल्या. सहा फूट पाणी खरं, तर मेंढरं हलवायला हवीत. मेंढरं ठेवली, तर सहा फूट पाणी खोटं. उद्या गाव विचारणार की आमच्या मोटरी निघाल्या, तुझी मेंढरं का नाही? त्याने हळूच कागद पुन्हा उघडला. खांब अजून सहा फुटांचाच होता.

बिरदेव वावराच्या कडेला लिंबाखाली बसून सूत काढत होता. पासष्टी ओलांडलेली, गुडघे गेलेले. पूर्वी दिवाळीनंतर घाट उतरून कळप कोकणात नेई, आता इथल्या इथेच फिरे. हौशीरामने सगळं सांगितलं. बिरदेवने मेंढरांकडे पाहिलं. मेंढरं निवांत रवंथ करत होती.

"कागदावर निस्ता गुरवार हाय का म्होरलं बी हाय?" त्याने विचारलं.

हौशीरामने वाचून दाखवलं. बुधवार पाच तेवीस. गुरुवार सहा बारा. शुक्रवार सात दोन. शनिवार सात एक्कावन्न.

"रोज पाऊन तास म्होरं," बिरदेव म्हणाला. "आन् मदी येकदा उतरतंय?"

"हो. दुपारी बारा वीसला."

बिरदेवने सूत थांबवलं आणि जवळच्या मेंढीचा कान खाजवला. "लई शिस्तीचं पानी हाय, भाऊ," तो म्हणाला. "मला काय, मी शब्दाला बांदलेला. तुमी ऊठ म्हना, उठतो."

हौशीरामने वळून पाहिलं. मागे बांधावर पाच-सहा जण येऊन उभे राहिले होते, आता काय करतो बघायला. त्यांत धर्माजीही होता.

"ऊठ," हौशीराम म्हणाला.

"माज्या माळावर येऊ द्या की," धर्माजी लगेच म्हणाला. "उंचावर हाय. जीव वाचवायचा म्हनल्यावर भावकी बगायची न्हाई."

दिवस मावळायच्या आत एकशेवीस मेंढरं हौशीरामच्या डोळ्यांदेखत बांध ओलांडून गेली. जाताना त्यांनी वाटेवर जे टाकलं तेही बहुतेक बांधाच्या पलीकडे पडलं.

गुरुवारी पहाटे नदीवर सगळं गाव. रेडिओवर घड्याळं लावलेली. कुशाबाने बंधाऱ्याच्या भिंतीलगत फुटाफुटावर चुन्याच्या खुणा केलेला बांबू रोवला होता आणि तो एखाद्या सरकारी माणसासारखा शेजारी उभा होता. सहा दहा झाले. चपला हातात आल्या. सहा अकरा. बायांनी लेकरं कडेवर घेतली. सहा बाराला सगळ्या माना एकदम वरच्या वळणाकडे वळल्या.

वळणावरून एक टिटवी आली.

सहा पंधराला कुशाबाने वाकून बांबू पाहिला आणि पाणी एक बोट उतरल्याचं सांगितलं. क्षणभर सगळे गंभीर झाले. पाणी येण्याआधी नदी मागे सरकते, असं कुणीतरी म्हणालंही. मग लक्षात आलं की म्हैस डोहातून बाहेर आली होती.

हौशीरामने धीर सोडला नाही. वरून इथवर यायला वेळ लागणार, कागदावरची वेळ तिथली असणार. आठपर्यंत थांबावं. आठनंतर म्हणाला, खरं पाणी संध्याकाळच्या पाळीलाच. गंमत म्हणजे शिव्या देत घरी गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी सहाला पुन्हा हजर होता, आणि सोबत पाहुणे. मंचरवरून दोघे मोटरसायकलवर आले होते. नारायणगावचा भेळवाला गाडी घेऊन आला आणि त्याने बांबू दिसेल अशी जागा धरली. येणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण आलंच तर आपण नव्हतो असं व्हायला नको होतं.

सहा सदतीसला पाणी आलं नाही. स्नेहल आली. गाळा बंद करून जीपने उतरली होती, आणि हातात तो दहा रुपये वाचवलेला कागद होता.

"काका, मी मंगळवारीच सांगत होते. हे आपल्याकडचं नाही. परदेशातलं आहे, एक नदी समुद्राला मिळते तिथलं. हे सहा फूट म्हणजे लाटेची उंची. ह्या वेळा भरती-ओहोटीच्या."

"आन् ह्या चांदन्या?" कुशाबाने विचारलं.

"लाट जितकी चांगली तितक्या चांदण्या. तिथले लोक फळी घेऊन समुद्रात जातात आणि लाटेवर उभे राहतात. त्यांच्यासाठी असतं हे."

कागद पुन्हा हातोहात फिरला. फळीवरचा माणूस सगळ्यांनी नीट पाहिला. फळी कशाची असते, तो पडत कसा नाही, घरचे काही म्हणत नाहीत का, असे प्रश्न झाले.

"म्हंजी पानी आलं का ही मानसं त्येच्याकडं पळत्यात?" कुशाबा म्हणाला. "कशापाई?"

"मजा म्हणून."

कुशाबाने जमलेल्या गर्दीकडे, भेळवाल्याकडे आणि स्वतः रोवलेल्या बांबूकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

तेरा मोटरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेल्या. त्या वेळी हौशीरामविषयी जे बोललं गेलं ते सगळं त्याला घरात बसून ऐकू येत होतं. दुपारी तो माळावर गेला. बिरदेव धर्माजीच्या बाभळीखाली सूत काढत होता आणि मेंढरं दोन रात्रींचं काम चोख करून बसली होती.

"तुला ठाऊक व्हतं," हौशीराम म्हणाला. पुस्तकी मराठी संपली होती.

"पंदरा वर्सं कोकनात मेंढरं घातली, भाऊ. खाडीच्या तोंडाशी उतार वलांडायचा तर ह्येच बगावं लागतंय. चढतंय कवा, उतरतंय कवा. रोज पाऊन तास म्होरं. दोन कोकरं गेली तवा शिकलो."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुमी इचाराय कुटं आला व्हता? तुमी सांगाय आला व्हता." बिरदेवने चाती फिरवली. मग आजूबाजूला पाहून आवाज खाली घेतला. "आन् वैनींना सांगू नका, पर धर्माजीकडली भाकर जरा मऊ असती."

पुढच्या मंगळवारी हौशीराम पुन्हा कॅफेत दिसला. स्नेहलने न विचारता पुण्याचं हवामान उघडलं. हौशीराम थोडा वेळ खुर्चीत चुळबुळत बसला. मग म्हणाला, ते राहू दे, ते फळीवाल्यांचं पान काढ. आणि गुरुवारी तिथं काय झालं ते दिसतं का बघ. चार दिवस त्याला झोपताना तोच विचार येत होता, की आपल्याला पाणी आलं नाही ते नाही, पण त्या माणसांना तरी आलं का?

स्नेहलने शोधून काढलं. तिथल्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी भरती वेळेवर आली, लाटा सहा फूट, कधी कधी जास्तच. सगळे खूश.

हौशीरामने या वेळी दोन्ही कागद छापून घेतले. पूर्ण वीस रुपये दिले. संध्याकाळी घरात शिरताच त्याने ते साळुबाईपुढे धरले आणि कित्येक दिवसांनी पुस्तकी मराठीत म्हणाला, "वाच. मिनिटावर आलं. अंदाज चुकलेला नव्हता. नुसतं गाव चुकलं."

साळुबाई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"व्हय की," ती म्हणाली. "मेंढरं बी बसलीच पाची रात्री. निस्तं वावर चुकलं."