अण्णांची सही

अण्णा मयेकरांच्या घरात तीन मिक्सर आहेत आणि अण्णा चटणी पाट्यावर वाटतात. तिन्ही मिक्सर खोक्यातच आहेत, वरची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढलेली नाही. शेजारी एक मायक्रोवेव्ह आणि एक टेबलफॅन, तेही खोक्यात. सगळं हप्त्यावर घेतलेलं. ज्या माणसाची बँकेत बऱ्यापैकी ठेव आहे, ज्याला हे सगळं रोखीने घेऊन वर दुकानदाराला चहा पाजता आला असता, त्या माणसाने घेतलेलं. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मिक्सर कोणाला हवाय गो? मला हप्ता हवा होता."

मी त्यांची शेजारीण. आमच्या आवारांच्या मधोमध जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे, आणि अण्णांना जे काही सांगायचं असतं ते ते गडग्यावर कोपर टेकून सांगतात. मी शाळेत गणित शिकवते. आकड्यांचं वेड लागलेली माणसं मला दिवसभर भेटत नाहीत, म्हणून देवाने एक घराशेजारी ठेवलं असावं.

अण्णा बोटीवर होते. मासेमारीच्या नव्हे, मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत तेलपाणी बघायला. वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर, आणि घरी आले की पाहुण्यासारखे. पण पैसा चोख. घर रोखीने बांधलं, नाक्यावरचे दोन गाळे रोखीने घेतले, मुलाचं इंजिनिअरिंग रोखीने केलं. "मयेकराने कोणाचा रुपया ठेवला नाय," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं आहे की मीही ते त्यांच्याच सुरात म्हणू शकते. काकू वारल्या, अण्णा कायमचे घरी आले, आणि मुलगा नितीन ठाण्याला नोकरीला लागला, लग्न करून तिथलाच झाला. एवढाच संसार.

नितीनने फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा बँकेने जामीनदार मागितला. त्याने अण्णांना फोन केला, "तुमची एक सही लागेल." अण्णांनी त्या सहीसाठी नवा शर्ट शिवला. खरंच शिवला, टेलरकडे माप देऊन. ठाण्याला गेले. तिथल्या पोरगेल्या साहेबाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमचा स्कोर उणे एक आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही. घेतलंच नाही तर फेडता की नाही, हे आम्हाला कसं कळणार?"

परत आले ते थेट गडग्याशी. "शून्य पण नाय गो शैला. शून्याच्या खाली एक. आयुष्यभर कोणाचा बुडवला नाय, त्याची किंमत उणे एक. आणि ज्यांनी घेतला, थकवला, बोंबलत फेडला, त्यांना निदान नंबर तरी हाय."

मी तेव्हा हसले नाही. बँका माणसं ओळखायच्या बंद झाल्या त्याला बराच काळ लोटला, पण हे इतकं तोंडावर कोणी सांगत नाही.

नितीन म्हणाला होता, "राहू दे, बघू पुढे." या 'बघू पुढे'चा अर्थ तुम्हाला कळतो, मला कळतो. अण्णांना तो हुकूम वाटला. "पोरगा थांबलाय माझ्यासाठी," ते म्हणाले. "स्कोर झाला की जाऊन सही करतंय."

मग सुरू झाली ती मोहीम. पहिल्याच दिवशी अण्णा रत्नागिरीच्या एसटी स्टँडपासून मारुती मंदिरापर्यंत वाटेत दिसली ती प्रत्येक बँक चढले आणि प्रत्येकीत क्रेडिट कार्डाचा अर्ज टाकून आले. सगळ्यांनी नकार दिला. वर एका कारकुनाने समजावलं की एवढ्या ठिकाणी एकदम अर्ज केलात तर बघणाऱ्याला वाटतं माणूस पैशाला हपापलाय. शेवटी एका बँकेने त्यांचीच ठेव तारण ठेवून कार्ड दिलं. "माझेच पैसे गहाण ठेवून मलाच उधार," अण्णा म्हणाले, "आणि वर ती पोरगी मला अभिनंदन म्हणते!"

कार्डाचा त्यांनी एक नियम केला. जेवढी मर्यादा असेल तिच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वापरायचं नाही. हे कुठल्याही सल्लागाराने सांगितलं असतं, पण अण्णांनी ते बोटीवर नेलं. "जहाजाच्या अंगावर एक रेघ असते. माल एवढाच भरायचा की पाणी रेघेच्या वर चढता नये. चढला की समजायचा, कप्तान हावरट हाय." तेव्हापासून त्यांची सगळी खरेदी रेघेखाली. गणपतीच्या तोंडावर मखराचं सामान दुकानात काढून ठेवलं आणि मध्येच थांबले. दुकानदार म्हणाला, उरलेले रोख द्या. रोख! अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने सामान परत फळीवर ठेवलं. त्या वर्षी त्यांच्या गणपतीला मागच्या बाजूने मखर नव्हतं.

खोक्यातल्या त्या मिक्सरांचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, यावर त्यांचा विश्वास नव्हता. हप्त्याच्या दिवशी सकाळी अंघोळ करून, गंध लावून ते बँकेत जाऊन बाकावर बसत. मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला की उठून वॉचमनला नमस्कार करून घरी. एकदा दुपार झाली तरी मेसेज येईना. अण्णा तिथेच उपाशी बसले. मॅनेजरने स्वतःचा डबा पुढे केला, तर म्हणाले, "आधी हप्ता, मग घास."

याची लागण सगळ्यांना व्हावी अशी त्यांची इच्छा होती. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाला कोपऱ्यात घेऊन स्कोर विचारला. मुलगा गोरामोरा झाला, त्याची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या पारूला ते वर्षानुवर्षं आठवड्याच्या आठवड्याला पैसे देत आले आहेत, एक दिवस इकडे तिकडे नाही. तिला एकदा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मी वेळेवर देतंय, ता तू वर मुंबईला, स्कोरवाल्यांना, कळवू शकतंस काय?"

पारू पाटी खाली ठेवून कमरेवर हात ठेवत म्हणाली, "कोणाला कळवू? ह्या बांगड्यांना?"

मी गडग्याच्या अलीकडे पोट धरून हसत होते. अण्णा हसले नाहीत. "बघ," मला म्हणाले, "जिला माहीत हाय तिला कोण विचारत नाय. जो विचारतो त्याला काय माहीत नाय." मग दोन बांगडे जास्त घेतले.

स्कोर आला. आधी सहाशेच्या घरात, मग सातशे. प्रत्येक वाढीला मला गडग्यावरून हाक. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. परीक्षेचे पेपर तपासत असताना कोणी येऊन स्वतःचे मार्क सांगत बसलं तर काय होईल? पण मी 'छान' म्हणायची, आणि ते एवढ्याने खूश होऊन जायचे.

सातशे ऐंशी झाला त्या दिवशी मात्र ते गडगा सोडून फाटकातून आत आले. हातात पेढ्यांचा पुडा, अंगावर ठाण्याला नेलेला तोच शर्ट. म्हणाले, "तुझ्यासमोर फोन लावतंय." आणि स्पीकर चालू केला.

नितीन घाईत होता. अण्णांनी आकडा सांगितला. दोनदा सांगितला. "आता कधी येऊ सहीला?"

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "अण्णा, घर होऊन वर्ष होत आलं. सासऱ्यांनी सही केली. तुम्हाला बोललो नव्हतो का मी?"

"बोलला असशील. माझ्याच ध्यानात नाय ऱ्हायला."

"पूजा वगैरे काही केली नाही हो मोठी. आणि आता स्कोरचं काय घेऊन बसलात या वयात?"

"असाच. सांगावासा वाटला."

फोन बंद झाला. मला नितीनचा इतका राग आला की पेढ्याचा पुडा उचलून कुठेतरी भिरकावून द्यावा असं वाटलं. वास्तविक त्याचंही काय चुकलं? घर मिळत होतं, ते त्याने घेतलं. बाप कुठल्या तरी आकड्याच्या मागे लागलाय हे त्याला कोणी सांगितलं होतं? तरी राग आला, आणि अजून आहे.

अण्णा ओटीवरच बसून राहिले. मी म्हटलं, तुमच्याकडे ठेव होती, तेव्हाच त्याला रोख का नाही दिलेत? एवढा खटाटोप कशाला केलात?

"देत होतंय गो. त्याच दिवशी, ठाण्याला बँकेच्या पायरीवर बोललंय, माझे घे. तर बोलला, अण्णा, पैसे तर तुम्ही नेहमीच पाठवलेत." मग ते पुड्याच्या दोऱ्याची गाठ सोडवू लागले. "खरा बोलला. त्याच्या प्रगतीपुस्तकावर सगळ्या सह्या त्याच्या आईच्या. शाळेचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, टॉन्सिलचं ऑपरेशन झाला तेव्हाचा कागद. मी कुठेच नाय. एकदाच त्याने मागितली सही, आणि माझी चालली नाय."

गाठ सुटली. त्यांनी मला पेढा दिला, स्वतः घेतला नाही. फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून विचारलं, "शैला, तुला काय कर्जबिर्ज नको काय गो? मी ऱ्हातंय जामीन. हा स्कोर नायतर फुकट जाईल."

माझ्या गच्चीवर पत्रे घालायचे होते. त्याचे पैसे मी साठवलेले होते, आणि अण्णांसारखंच मलाही उधारीचं वावडं आहे. पुढच्या आठवड्यात मी पतसंस्थेत जाऊन कर्जाचा अर्ज केला. व्याज भरते आहे. माझ्यासारख्या गणिताच्या बाईला हे शोभत नाही, पण भरते आहे.

सहीच्या दिवशी अण्णा शर्ट घालून माझ्या आधी येऊन बसले होते. क्लार्क आमच्याच आळीतला. त्याने फॉर्मवर बोट ठेवलं, "अण्णा, हितं करा."

"आधी माझा स्कोर बघून घे."

"तुमचा स्कोर कशाला? आमच्याकडे ती भानगडच नाय. तुम्हाला कोण ओळखत नाय अख्ख्या रत्नागिरीत? करा सही."

अण्णांचा हात पेनासकट थांबला. ठाण्याच्या बँकेने जे म्हणायला हवं होतं, ते हा पोरगा शिक्का शोधता शोधता म्हणत होता, आणि अण्णांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांनी मोबाईल उघडून काउंटरवर सरकवला. क्लार्कने पाहिलंसुद्धा नाही.

"वाच तो आकडा," मी म्हटलं. वर्गात बोलते त्या आवाजात. "मोठ्याने वाच."

तो दचकला. "सातशे ऐंशी," त्याने वाचलं. "उत्तम, असं लिहिलंय."

अण्णांनी मान डोलावली, आणि मग सही केली. सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कागद परत देताना त्यांनी विचारलं, "हा आकडा कागदावर छापून मिळंल काय?"

"मिळेल की. कोणाला दाखवायचाय?"

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि खिशात ठेवला.

"नाय," ते म्हणाले. "तसा कोणाला नाय."