नवी डिस्क आणि अख्ख्या गल्लीची लाईट

हार्ड डिस्क बदलणं म्हणजे टॉर्चमधले सेल बदलणं! तीन व्हिडिओ पाहून मी या मतावर ठाम झालो होतो. शिवाय मी सिंदेवाहीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आणखी काय पाहिजे?

आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बटण दाबून माणूस दाढी उरकून यायचा. त्यात माझ्या बायकोची, सत्यशीलाची, दोन वर्षांची मेहनत होती. खेड्याखेड्यांत फिरून तिनं म्हाताऱ्या बायांची धानरोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी रेकॉर्ड केली होती. रविवारी दुपारी ती गडचिरोलीच्या कार्यक्रमात ऐकवायची होती. अकराची एसटी. तिनं बजावलं होतं, "कार्यक्रम होईपर्यंत हात नोका लावू!"

पण तिला चकित करायचं होतं ना मला! शनिवारी ती बाजारात गेली तेव्हा जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं. रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली, तसा डबा उघडला, जुनी काढून खिशात टाकली, नवी बसवली, बटण दाबलं.

काळा पडदा. वर इंग्रजीत एक पांढरी ओळ. बस!

पुन्हा दाबलं. तेच. फुंकर मारली. तेच. तेवढ्यात न्हाणीची कडी वाजली आणि माझा हात, देवाशपथ, आपोआप मेन स्विचवर गेला. खट्!

"लाईट गेली!" मी ओरडलो.

"असी कसी गेली? भैयाजीची चक्की तं चालून राह्यली," ती केस पुसत बाहेर आली.

"आपलीच गेली असेल."

"मेन पाहिला काय?"

"पाहिला ना! बरोबर आहे."

तिनं लगेच मागच्या गल्लीतल्या झिंगूभाऊंना फोन लावला. ते लाईनमन. मला वाटलं, सुटीचा दिवस, येतील दुपारी. पाच मिनिटांत शिडी घेऊन हजर!

"बाईचा कार्यक्रम हाय म्हणून ताटावरून उठून आलो," ते म्हणाले. "सर, मेन पाहिला?"

"पाहिला." दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्यापेक्षा सोपं जातं!

"मंग खांबावरच फॉल्ट हाय."

त्यांनी ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीवरून अख्ख्या गल्लीची लाईट बंद केली. चक्की म्हातारी म्हैस बसावी तशी कण्हत थांबली. भैयाजी भुवयांपर्यंत पिठानं माखून बाहेर. "काऊन बंद केली बे?"

"संघपाल सरच्या घरी फॉल्ट हाय!" शेजारच्या शकुबाईनं जाहीर केलं. फॉल्ट कुठे उभा होता ते मलाच माहीत. तो शिडी धरून उभा होता!

वीस मिनिटं झिंगूभाऊ एकेक तार तपासत होते. वरून मलाच म्हणतात, "सर, तुमी सावलीत बसा. ऊन लय हाय." त्या क्षणी खांबाच्या खड्ड्यात मला कुणी पुरलं असतं तर मी आभार मानले असते.

तेवढ्यात आतून सत्यशीलाचा आवाज आला. "झिंगूभाऊ, खाली उतरा."

आवाज शांत होता. ती ओरडली की मी घाबरत नाही, शांत झाली की घाबरतो.

मोबाईलचा उजेड मेन स्विचवर धरून ती उभी होती. "हे कोणं पाडलं?"

दारात गल्ली जमलेली. उंदरावर ढकलावं म्हणून मी तोंड उघडलंही. पण झिंगूभाऊंच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. "मी," म्हणालो. मग सगळंच सांगितलं. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट.

झिंगूभाऊंनी मान पुसली. "सर, मी वर असतानी तरी सांगाचं होतं."

ते डीपीकडे गेले, मी मेन वर केला.

लाईट आली. सत्यशीला कॉम्प्युटरसमोर बसली. "ही पांढरी ओळ वाचली काय तुमी?"

"इंग्रजी आहे..."

"मास्तर हा ना तुमी?"

तिनं वाचली. सुरू व्हायला डिस्क सापडत नाही, सेटिंग तपासा, असं सरळ लिहिलेलं! सेटिंगमधल्या यादीत अजून जुन्या डिस्कचंच नाव वर होतं, आणि ती होती माझ्या खिशात. तिनं नवीला वर चढवलं. भैयाजींना शिंक येण्याआधी कॉम्प्युटर सुरू! पहिल्याच फाइलीतून म्हाताऱ्या बुधरीबाईचा चिरका, गोड आवाज गात निघाला. मग तिनं गाणी पेनड्राइव्हवर घेतली आणि भैयाजींनीच फटफटीवरून तिला स्टँडवर पोचवलं. मला कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"कसा झाला?" मी हळूच विचारलं.

"मस्त. सुरवातीले तोंडातून शब्दच फुटे ना. मंग सकाळचा किस्सा सांगितला, सारे हसले, धीर आला."

"माझं नाव नाही ना घेतलं?"

"नाई बा. आमच्या गल्लीतले एक सर, एवढंच म्हटलं."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"पण पयल्या रांगेत तुमचे हेडमास्तर होते," ती म्हणाली. "ते उठून म्हणे, हा नक्कीच आपला संघपाल!"

सोमवारी मी रजा टाकली.