अडथळा सुविधा

कुटुंबव्यवस्था आजवर टिकली ती प्रेमामुळे नव्हे, फोनच्या खराब लाइनमुळे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. तांब्याच्या तारेत पाणी शिरे, खरखर सुरू होई आणि भलभलते प्रश्न वाटेतच विझून जात.

दातांचे एक डॉक्टर या व्यवस्थेत कित्येक वर्षं सुखाने नांदले. परगावी एकटी राहणारी आई दर रविवारी फोन करून विचारी, कधी येतोस? आवाज तुटतोय, असं डॉक्टर सांगत आणि विषय मिटे.

मग प्रगती झाली. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश धावू लागला आणि दोन्ही घरं जोडली गेली. आता प्रश्नच काय, त्यानंतरचा आईचा सुस्काराही स्वच्छ ऐकू येई. डॉक्टरांची बोलती बंद झाली. (दिवसभर लोकांना 'आ' करायला लावणारा माणूस!)

कंपनीला ग्राहकांची कणव होती. तिने 'अडथळा सुविधा' काढली: आपलं बोलणं पलीकडे तुटक पोहोचेल. साधी खरखर सर्वांसाठी. येण्याची तारीख तेवढीच गाळणारी, जरा वरच्या दर्जाची. सर्वांत महाग, आईबापांच्या आजारपणासाठी, संपूर्ण शांतता. घेणाऱ्यांत शेकडा एक्याऐंशी मुलगे निघाले. (जावयांनी घेतली नाही. त्यांना पूर्वीपासूनच ऐकू येत नाही.)

डॉक्टरांनी शांतताच घेतली. मग काय, रान मोकळं. आईचा फोन कानाला लावूनच ते बायकोला म्हणायचे, "झाली हिची भुणभुण सुरू. तिथे जाऊन करायचं काय, भिंती बघायच्या?" पलीकडून आई म्हणे, "काही कळत नाही रे, लाइन बरी नाही आज. राहू दे." आणि फोन ठेवी.

वर्षभराने कंपनीचा तंत्रज्ञ भिंतीवरचा फोनचा डबा बदलायला आला. त्याने तपासून दिलगिरी व्यक्त केली. "साहेब, सुविधा तुमच्या लाइनवर कधी चालूच झाली नाही. पलीकडे शब्दन् शब्द जात होता."

हातातलं काम टाकून डॉक्टरांनी आईला फोन लावला आणि चाचरत विचारलं, ऐकू येत होतं का तुला?

"मला? छे रे," आई म्हणाली. "एक अक्षर नाही."

डॉक्टरांना हायसं वाटलं. कंपनीकडे त्यांनी रीतसर तक्रार केली आणि सुविधा पूर्ववत, म्हणजे प्रथमच, सुरू करून घेतली.

आपण आपल्या आईबद्दल असलं कधी बोललो नाही, अशी वाचकाची खात्री असेलच. त्याच्या आईला विचारून पाहिलं; तिनेही काही ऐकलेलं नाही.