इंदूताईंचा रिकामा कप्पा

एका जंगलात इंदू वळवळे नावाची धामण राहत होती. राहत होत्या, असं म्हणूया. ज्यांच्या झोपायच्या खोलीत कपाट असतं त्यांना आपण अहोजाहो करतो.

हो, कपाट. हसणारी मुलं मागे जाऊन बसा. धामणीला कपाट कशाला, असं विचारायचं नाही. तुमच्या घरी व्यायामाची सायकल आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. मी कधी विचारलं का?

तर इंदूताईंच्या बिळात, पलंगासमोर, सागाच्या पोकळ ओंडक्याचं ते कपाट होतं. चार कप्पे, दोन दारं, एक कडी. कडी जन्मात कधी लागली नव्हती, कारण कपाट गच्च भरलेलं होतं. दारं उघडू नयेत म्हणून बाहेरून एक धोंडा टेकवून ठेवला होता.

आत काय होतं? काती. साप वाढला की त्याला जुनी कात लहान होते, मग तो ती टाकतो. हे तुम्ही शाळेत शिकलात. इंदूताई मात्र टाकत नसत. त्या कात काढत, झटकत, घडी घालत आणि कपाटात कोंबत.

"असू दे," त्या म्हणत, "बारीक झाले की होईल."

आता साप काही बारीक होत नसतो. अख्ख्या जंगलाला हे ठाऊक होतं, पण इंदूताईंना सांगणार कोण? त्यांचे यजमान चिंतामणराव यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. पुढचे आठ दिवस त्यांना आपला बेडूक आपणच पकडून खावा लागला.

या कपाटात चिंतामणरावांच्या वाट्याला काय आलं होतं, ऐका. बाहेरच्या भिंतीतली खुंटी. तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्या खुंटीवर इंदूताईंची पिशवी असे.

एके दिवशी सकाळी बुलबुल निरोप घेऊन आला. इंदूताईंच्या आईचं बीळ रानडुकरांनी उकरून टाकलं होतं. आई आता लेकीकडे राहायला येत होती, कायमची. तिने सांगितलं होतं, "माझं एकच गाठोडं आहे. एक कप्पा रिकामा केलास तर बरं. नसेल जमत तर तसं कळव. मी टेकडीखालच्या वारुळात जाईन."

टेकडीखालच्या वारुळाच्या शेजारी मुंगूस राहत होतं.

आई म्हातारी, तिला धड सरपटता येत नव्हतं, आणि शेजार मुंगसाचा. "मी आईला कुठेही जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. "अहो, तो धोंडा बाजूला करा."

चिंतामणरावांनी धोंडा बाजूला केला.

पुढचं फार भराभर झालं. आधी काती आल्या. मग झाकण नसलेले डबे आले. त्यामागून डबे नसलेली झाकणं आली. मग मोराने लग्नात दिलेला पंखा आला. तो कुणी कधी उघडलाच नव्हता, कारण मोर साप खातो आणि पंख्यावर त्याचेच डोळे होते. शेवटी पुन्हा काती आल्या. चिंतामणराव दिसेनासे झाले. दुपारी ढिगाऱ्यातून त्यांचा आवाज आला, "जेवायला काय आहे?"

तेव्हा इंदूताईंनी ठरवलं की तज्ज्ञांना बोलवायचं.

जंगलात कपाटं लावून देणाऱ्या एकच तज्ज्ञ होत्या, हळूबाई गोगलगाय. त्यांच्याकडे स्वतःचं कपाट नव्हतं. एक खोली होती आणि ती पाठीवर होती. अशा माणसाला दुसऱ्याच्या पसाऱ्याबद्दल खूप काही सांगता येतं.

इंदूताईंनी बोलावताच हळूबाई आल्या. म्हणजे सोमवारी निघाल्या आणि गुरुवारी आल्या. राहत होत्या समोरच्याच दगडाखाली.

"सगळं पलंगावर काढा," हळूबाई म्हणाल्या.

"सगळं पलंगावरच आहे," ढिगाऱ्यातून चिंतामणराव म्हणाले.

"यांनाही काढा."

चिंतामणरावांना काढून खुंटीला अडकवलं. मग हळूबाईंनी आपला नियम सांगितला. "एकेक वस्तू समोर धरायची. ती बघून तुमच्या तोंडून 'कधीतरी' आलं, की ती बाहेर."

इंदूताईंनी पहिली कात धरली. हिरवट, नाजूक, कमरेत जेमतेम दोन बोटं. "अय्या, ही तर लग्नाच्या वर्षातली. कधीतरी..."

"बाहेर," हळूबाई म्हणाल्या.

पहिली बाहेर जाताना इंदूताईंना हुंदका आला. दहावीला नुसता सुस्कारा आला. विसाव्या कातीला त्यांना मजा वाटू लागली आणि तिसाव्या कातीनंतर त्यांनी उंबरठ्यावरचं पायपुसणं फेकलं. ज्यांना पाय नाहीत त्यांच्या घरी पायपुसणं कशाला आलं होतं, हे आजतागायत कुणाला समजलेलं नाही. बुलबुल बाहेर रांग लावून उभेच होते. त्यांना घरट्यात अंथरायला काती हव्या होत्या.

उरलेल्या कातींच्या सुरळ्या झाल्या. सुरळ्या उभ्या लागल्या. दाराच्या आतून पानांचे खिसे लागले, बाभळीच्या काट्यांच्या खुंट्या लागल्या, पलंगाखाली चपट्या टोपल्या सरकल्या. हळूबाई कपाटात शिरून मापं घेत होत्या. त्या जिथून गेल्या तिथे चकचकीत रेघ उमटत होती आणि त्या रेघेवर सुरळ्या अशा ओळीत बसल्या की इंदूताईंना गरगरायलाच लागलं.

आणि तिसरा कप्पा रिकामा झाला.

खरोखर रिकामा. आत डोकावलं की मागची फळी दिसायची. लग्नानंतर मागची फळी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्या आनंदाने आंब्याच्या झाडाला तीन वेढे घालून आल्या. चिंतामणराव म्हणाले, "मीही बघू?" तर त्यांनाही लांबून बघू दिलं.

इथपर्यंत सगळं छान झालं होतं. गोष्ट इथेच संपली असती तर तुम्हालाही लवकर खेळायला जाता आलं असतं. पण शेजारची खार सहज म्हणून डोकावली.

"बाई गं," खार म्हणाली. "यात काहीच नाहीये."

तिने साळिंदराला सांगितलं. साळिंदराने सशाला सांगितलं. सशाला दम धरवत नाही, त्यामुळे संध्याकाळच्या आत सगळ्या जंगलाला कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून इंदूताईंच्या दारात रांग लागली. एकेकाने आत यायचं, तिसऱ्या कप्प्यात बघायचं, 'अहाहा' म्हणायचं आणि मागच्या दाराने जायचं. घुबडाला दिवसा काही दिसत नाही. तरी तेही आलं, डोळे मिटून उभं राहिलं आणि म्हणालं, "किती प्रशस्त."

जंगलाला वेडच लागलं. साळिंदराने आपले काटे लांबीप्रमाणे लावायला घेतले आणि त्यापायी दोन दिवस उपाशी राहिलं. खारीने हिवाळ्यासाठी ठेवलेल्या बिया फेकून दिल्या आणि रिकाम्या ढोलीत बसून घरच्यांना म्हणाली, "बघा, कसं मोकळं वाटतंय." घरच्यांची पोटंही मोकळीच होती.

हळूबाई आता तिसऱ्या कप्प्यात बसून रोज भाषण करू लागल्या. "या कप्प्यात कधीही, काहीही ठेवायचं नाही," त्या म्हणायच्या. "ठेवण्यासाठी बाकीचं जग आहे." टाळ्या पडत. ज्यांना हात नव्हते ते शेपटी आपटत. सगळ्यात जोरात शेपटी इंदूताई आपटत.

कप्पा कुणासाठी रिकामा केला होता, ते तुमच्या लक्षात आहे का? शाबास. त्यांच्या लक्षात नव्हतं.

अशाच एका भाषणाच्या वेळी, ऐन दुपारी, दारात आई उभी राहिली. धुळीने माखलेली. तोंडात गाठोड्याची गाठ धरून तिने तीन टेकड्या ओलांडल्या होत्या. गाठोडं मोठं होतं आणि आई वाळून बारीक झाली होती. खरंच बारीक झाली होती. इंदूताईंना त्या क्षणी ते दिसायला हवं होतं, पण त्यांची नजर गाठोड्यावर होती.

"इंदे," आईने गाठोडं खाली ठेवलं. "हे कुठं ठेवू गं?"

रांगेतल्या सगळ्यांनी तिसऱ्या कप्प्याकडे पाहिलं.

"तिथे नको, आई," इंदूताई म्हणाल्या. "ओळ बिघडेल."

"माझ्या खुंटीवर ठेवा, आई," चिंतामणराव म्हणाले. "अर्धी आहे, पण मजबूत आहे."

"नको, जावईबापू. तुम्हाला अडचण." आईने बिळातून एकदा नजर फिरवली. "बरं मग, मी वारुळातच जाते. मुंगूस काय, सकाळचंच फिरतं म्हणतात. दुपारभर मोकळं असतं."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. मग तिने गाठोड्याची गाठ सोडली. "एवढं ओझं घेऊन मुंगसापुढं पळता यायचं नाही मला. तसंही हे माझं नाही. तुझं तू ठेव."

गाठोडं उलगडलं. आत काती होत्या.

पहिली होती करंगळीएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"ही तू अंड्यातून आलीस त्याच्यानंतरची," आई म्हणाली. "ही तुझा पहिला बेडूक निसटला आणि तू दिवसभर रडलीस तेव्हाची. ही झाडावरून पडलीस तेव्हाची, इथं फाटलीय बघ. ही तू घरातून पळून गेली होतीस तेव्हाची. आंब्यापर्यंत गेलीस आणि भूक लागली म्हणून परत आलीस." अशा सव्वीस होत्या. लग्न होईपर्यंतच्या सगळ्या.

"आणि तुझं सामान कुठे आहे, आई?"

"माझं काय असतंय? अंगावर आहे ती कात."

इंदूताईंनी ती करंगळीएवढी कात समोर धरली. त्यांना रडू आलं. मुलांनो, इथे मलाही जरा येतं, तिकडे बघा.

कप्प्यातून हळूबाईंचा आवाज आला, "ती बघून 'कधीतरी' म्हणताय का?"

"नाही," इंदूताई म्हणाल्या. "'तेव्हा' म्हणतेय."

तज्ज्ञांना याचा नियम माहीत नव्हता.

इंदूताईंनी करंगळीएवढी कात तिसऱ्या कप्प्यात ठेवली. मग दुसरी. मग त्यांना जोरच आला. सव्वीसच्या सव्वीस कोंबल्या. डबे उचलले, झाकणं उचलली, मोराचा पंखा उघडून वारा घेतला आणि तोही आत सारला. पलंगाखालच्या टोपल्या आत गेल्या. रांगेतला ससा कपाटात जाता जाता वाचला. खार जी सुटली ती बिया गोळा करायला गेली.

"हा रिकामेपणाचा अपमान आहे," हळूबाई म्हणाल्या. "मी या कपाटातून आत्ताच्या आत्ता बाहेर पडते."

आणि त्या निघाल्या.

"अहो, दार," इंदूताई म्हणाल्या. चिंतामणरावांनी कपाटाला वेढा घातला. आईने वरून दुसरा घातला. इंदूताईंनी तिसरा. तिघांनी मिळून श्वास सोडला आणि आवळलं. कपाट कण्हलं. कडी लागली. जन्मात पहिल्यांदा.

बाहेरून ते कपाट आता इतकं नीटनेटकं दिसत होतं की रांगेतल्या सगळ्यांनी एकदम 'अहाहा' म्हटलं. घुबडानेही म्हटलं.

आई पलंगावर निजली. इंदूताई तिच्या कुशीत निजल्या. चिंतामणरावांना संपूर्ण खुंटी मिळाली आणि ते तिच्यावर सुखाने लोंबकळू लागले.

हळूबाई? त्या निघाल्या होत्या ना, पण कडी लागेपर्यंत चार बोटंच गेल्या होत्या. दोन महिन्यांनी दाराच्या फटीतून त्यांचा निरोप आला. आत भरपूर जागा आहे, काळजी करू नये.

तात्पर्य: वस्तू कमी केल्याने कपाटात जागा होत नाही. ती तिघांनी मिळून दार दाबल्याने होते. मात्र दाबण्यापूर्वी तज्ज्ञ बाहेर आहेत का, हे बघत बसू नये.