शुक्री उस्तादांच्या तीन बश्या

तांता शहरातल्या एका गल्लीत उस्ताद शुक्रींचा बायकांचा इंग्रजीचा वर्ग तुलनेपाशी येऊन अडला होता. गुरुवारी तपासनीस येणार होते आणि बायका तोंड उघडत नाहीत असं दिसलं, तर वर्गाला कायमचं कुलूप लागणार होतं. वर्गातल्या अकरा जणी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. सुटी विशेषणं त्या घडाघडा म्हणत, पण दोघींची तुलना करा म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसे.

"उम्म हानीचा मुलगा उंच आहे. आता अवातिफबाईंचा?"

"आधी माशाअल्ला म्हणा!" उम्म हानी ओरडली. "पोराला दृष्ट लावता का उस्ताद?"

"बरं, अवातिफबाईंचं घर मोठं. त्याहून मोठं कुणाचं?"

"सगळी घरं अल्लाची," हज्जा इन्साफ म्हणाल्या. त्या वयाने सर्वांत वडील, त्यामुळे विषय तिथेच संपला.

शेवटी मंगळवारी उस्तादांनी दृष्ट न लागणारी वस्तू शोधली. ईद नुकतीच झालेली, घरोघरी काहकचे डबे भरलेले. पिठीसाखरेत माखलेल्या त्या तुपाळ बिस्किटांच्या तीन बश्या त्यांनी टेबलावर मांडल्या: हज्जांची, उम्म हानीची आणि स्वतःच्या बायकोच्या, नजातच्या हातची. वर फळ्यावर इंग्रजीत चांगलं, अधिक चांगलं, सर्वांत चांगलं. वडीलकीचा मान म्हणून हज्जांची बशी शेवटच्या शब्दाखाली गेली, उम्म हानीची मधे. घरच्या वस्तूचं चारचौघांत कौतुक करायचं नाही, हे तर उस्तादांना बाळकडूच मिळालेलं. नजातची बशी 'चांगलं'खाली बसली.

बायकांनी बश्यांकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि डोईचे रुमाल सावरत त्या उठून गेल्या.

उस्ताद जिना चढून घरी पोचले, तोवर बातमी येऊन, चहा पिऊन गेलीही होती.

"तेवीस वर्षं खाताय," नजात म्हणाली. "आणि शेवटी काय, तर चांगलं?"

"अगं, चांगलं म्हणजे काही वाईट नव्हे!"

"मग जेवा चांगलं." तिने शिळी भाकरी आणि सलगमचं लोणचं पुढ्यात आदळलं.

बुधवारी वर्गात चिटपाखरू नव्हतं. हज्जांचा निरोप तेवढा आला: नजातचा अपमान करून मिळालेला मान मला नको.

गुरुवारी तपासनीस रिकाम्या बाकांसमोर बसले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग टोपण काढून पेन सरसावलं. तेवढ्यात दार उघडलं. पुढे झाकलेलं ताट घेऊन नजात, मागे त्या अकरा जणी. ताट तपासनीसांपुढे ठेवून नजात स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "उम्म हानीचं काहक मऊ आहे, साहेब. हज्जांचं त्याहून मऊ. माझं सगळ्यांत मऊ. खाऊन बघा."

उस्ताद बघतच राहिले. नजात एक दिवसही वर्गात बसली नव्हती. मात्र ते रोज स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून उद्याचा धडा मोठ्याने घोकत आणि ही आत पीठ मळत ऐकत असे. तेवीस वर्षांचे धडे! त्यांचा ऊर भरून आला.

आता दिलेला मान परत करणं सोपं असतं, पण कुणी समोरून हिसकावला तर कोण सोडतो? हज्जा उभ्या राहिल्या आणि चक्क इंग्रजीत कडाडल्या, "माझं जास्त मऊ!"

"तुमचं जास्त जुनं!" उम्म हानी. तीही इंग्रजीतच.

"दोघींपेक्षा माझं जास्त गोड!" अवातिफबाईंनी तोंड घातलं.

तासभर अकरा जणी आणि बारावी नजात इंग्रजीत तावातावाने भांडत होत्या. चुका ढीगभर झाल्या, पण मागे एकही हटली नाही. तपासनीस कोटभर साखर सांडून घेत शेवटच्या काहकपर्यंत थांबले.

आठवड्याने अहवाल आला. नजातनेच तो वाचून दाखवला. "विद्यार्थिनी: सर्वोत्तम. वर्ग चालू ठेवावा."

"अल्लाची कृपा! आणि माझ्याविषयी?"

"शिक्षक: चांगले."

उस्तादांचा चेहरा पडला. "तीस वर्षं घसा फोडतोय मी. आणि नुसतं चांगलं?"

नजातने काहकची भरलेली बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"अहो, चांगलं म्हणजे काही वाईट नव्हे."