हेर नेगेलेंचं पिवळं स्वयंपाकघर

भाडेकरूंना सरळ करण्यात माझा हात कुणी धरणार नाही! हे मी सोमवारी आईला सांगितलं, तेही तोंडात गाठीच्या पावाचं अख्खं ब्रेझेल कोंबलेलं असताना. म्हणजे किती सहज सांगितलं ते बघा.

"तू?" आई म्हणाली. "अगं, तू पोस्टमनशी भांडलीस!"

"तो पोस्टमनच तसा होता."

"आणि दातांच्या डॉक्टरशी?"

"सुरुवात त्याने केली!"

आई शहराची बस चालवते. घरीसुद्धा ती माझ्याकडे असं बघते, जसं मागच्या सीटवर कुणीतरी बिनतिकिटाचं बसलंय. फेब्रुवारीत मी शाळा सोडली. गणिताच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "रोमी, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही." मी दप्तर उचललं आणि निघाले. तेव्हापासून आमच्या घरात सूपसुद्धा शाळेच्या विषयाबरोबरच वाढलं जायचं.

"ठीक आहे," आई म्हणाली. "आपल्या खालच्या घराचा नवा भाडेकरू. शनिवारी संध्याकाळपर्यंत ताब्याच्या कागदावर त्यांची सही आण. न भांडता! मग उन्हाळा संपेपर्यंत मी शाळेचा श काढणार नाही."

"आणि नाही आणली तर?"

"तर सोमवारी माझ्याच बसमधून. पहिली सीट. थेट शाळेच्या दारात."

त्या बसमध्ये माझा सगळा जुना वर्ग असतो. म्हणजे बघा, जिवावरचं काम होतं!

भाडेकरू म्हणजे हेर ऑयगेन नेगेले. (हेर म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत, गुप्तहेर नव्हे!) वय अठ्ठ्याहत्तर, उंची दाराएवढी, मोजणी खात्यातून निवृत्त. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, आता आमचं घर मोजायला आले होते. सोमवारी दुपारी हातात उतार मोजायची पाणसळ घेऊन हजर!

"नमस्कार पोरी. ही फरशी दाराकडे तीन मिलिमीटर उतरते."

"पाणी आपोआप बाहेर जाईल," मी म्हणाले. न भांडता.

"खिडकी कुरकुरते."

"चोर आला तर कळेल."

"ऊन कितीला येतं?"

"तुम्ही सांगाल तितक्याला!"

त्यांनी वहीत टिपून घेतलं. दोष क्रमांक एक ते सहा. एवढ्याशा घरात! मग ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. तिथे बघायला काही नव्हतंच. आमच्या देशात भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो. ओटा, सिंक, कपाटं, सगळं. मागे राहतात भिंतीतून डोकावणारे दोन नळ आणि छतातून लोंबणारी एक वायर. आधीचं जोडपं तर बल्बसुद्धा घेऊन गेलं होतं.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "पोरी, माझं स्वयंपाकघर तीनशे सहा सेंटिमीटर आहे. तेवढी जागा आहे का, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?"

मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, खाली धावले, मोजलं. तीनशे सहा! अगदी बरोब्बर! जसं काही ते घर त्यांच्यासाठीच बांधलं होतं.

"बसतंय!" मी फोनवर ओरडले. "तीनशे सहा! केसाचाही फरक नाही!"

पलीकडून त्यांनी विचारलं, "तीनशे सहा म्हणतेस? नक्की?"

"शंभर टक्के!"

"बरं तर," ते म्हणाले. "शनिवारी घेऊन येतो. नाहीच बसलं, तर मी काही सही करणार नाही हां. तसाच परत जाईन."

"या हो तुम्ही!"

मी सोफ्यावर असे पाय पसरले, जसं काही घर माझंच होतं.

बुधवारी संध्याकाळी आई युनिफॉर्मची पँट उसवून बसली होती. "या टेपचं काहीतरी करायला हवं," ती म्हणाली. "कुत्र्याने खाल्ली तेव्हापासून चारपासून सुरू होते. दर वेळी वजाबाकी करा."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. तीनशे सहातून चार गेले किती, हे मला शाळा सोडूनही कळलं. घाम फुटायला तेवढं पुरलं!

मी बाथरूममध्ये जाऊन हळूच फोन लावला. "हेर नेगेले, समजा... म्हणजे नुसतं समजा हां, एखादं कपाट थोडंसं कापलं तर?"

"का? बसत नाही का?" त्यांच्या आवाजात एकदम जान आली. मला वाटलं, घाबरले बिचारे.

"छे छे! बसतंय! मी आपलं सहज विचारलं."

"हं." आवाज परत खाली गेला. "कापायचं नाही, पोरी. शेवटच्या कपाटाच्या दारावर आतून फ्रीडाने लिहून ठेवलंय. माझ्या बायकोने. पेन्सिलीने. कशात किती मीठ, ऑयगेनला काय सोसत नाही, सगळं. दार भरलं तेव्हा कपाटाच्या कडेने लिहीत गेली. गेल्याला तीन वर्षं झाली. ते कापणार नाही."

मी फोन ठेवला आणि बाथटबच्या काठावर बसून राहिले. मला उगाचच रडू आलं, मग त्याचाच राग आला. दोन-तीन मिनिटांत ठरलं. कपाट कापायचं नाही. भिंत कापायची!

गुरुवारी आईची बस सुटली आणि मी छिन्नी-हातोडा घेऊन खाली उतरले. डावी भिंत बघून माझा जीव भांड्यात पडला. टाइल्सवर टाइल्स, त्याखाली पुन्हा टाइल्स! आजवरच्या प्रत्येक भाडेकरूने जुनी काढायचा कंटाळा करून वर नवी चिकटवली होती. चार सेंटिमीटर तिथे आरामात झोपले होते. मी ठोकायला लागले. आधी हिरव्या टाइल्स, मग तपकिरी, मग फुलांच्या. दुपारपर्यंत मी पिठात लोळवलेल्या केकसारखी दिसत होते.

आता आमच्या वर, सगळ्यात वरच्या मजल्यावर, राहतात फ्राऊ, म्हणजे श्रीमती, मोझर. त्या दुपारी एक ते तीन झोपतात. म्हणजे, अख्ख्या गल्लीने झोपायचं असतं. आणि मी नेमकी दीड वाजता फुलांच्या टाइल्सपर्यंत पोचले होते.

शुक्रवारी सकाळी हेर नेगेले पुन्हा तपासणीला आले, तर खालच्या दारावर चिठ्ठी. त्यांच्याच नावाची!

"हेर नेगेले! दुपारच्या विश्रांतीत हातोडे मारणारा माणूस या घराने आजवर पाहिलेला नाही. शोभत नाही! मोझर, वरचा मजला."

"मी?" हेर नेगेलेंच्या मिशा थरथरल्या. "मी अजून राहायलाही आलो नाही!"

"त्या... त्यांना थोडं कमी ऐकू येतं," मी स्वयंपाकघराचं दार पाठीने दाबून धरत म्हणाले.

"कमी ऐकू येतं म्हणून हातोडे ऐकू आले?"

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीमागे लिहिलं: "मी हातोडा मारलेला नाही. आपण स्वप्नं पाहता. नेगेले." आणि वर जाऊन मोझरबाईंच्या दाराला चिकटवून आले! तासाभरात उत्तर खाली: "स्वप्नं झोपलेल्याला पडतात. मला झोपू कुठे दिलंत!"

"दोष क्रमांक चौदा," हेर नेगेलेंनी वहीत लिहिलं. "शेजार. बरं, स्वयंपाकघर बघू."

"नाही! रंग ओला आहे!"

"वास येत नाही."

"बिनवासाचा आहे!"

"आणि तुझ्या केसात काय आहे?"

"तोच!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं, तिथे सहा फोड आले होते. मग टोपी घातली आणि गेले.

आता फक्त एक कोपरा राहिला होता. मी जोर लावला, हातोडा हाणला, आणि एक वीट मला न विचारता पलीकडे निघून गेली! धाड्‌! भोकातून मला आमचा जिना दिसत होता. पोस्टाच्या पेट्या, सायकल, सगळं.

वीट काही परत बसेना. मग मला सुचलं. आमच्या जिन्यात झाडलोटीची पाटी असते, छोटी लाकडी. ज्याच्या दारावर ती लटकते, त्याने तो आठवडा जिना झाडायचा. मी ती मोझरबाईंच्या दारावरून उचलली आणि जिन्याच्या बाजूने भोकावर टांगली. भिंतीच्या मधोमध, कमरेएवढ्या उंचीवर. छान दिसत होती. अजिबात संशय येत नव्हता!

शनिवार उजाडला. दहा वाजता टेम्पो आला. हेर नेगेले, त्यांची मुलगी दागमार, आणि पिवळंधमक स्वयंपाकघर! त्या रंगाकडे बघून माणसाला भूक लागावी किंवा चष्मा तरी. दागमार दमलेली होती. "पप्पा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "दोनदा जिन्यात पडले. सतरा घरं दाखवली. प्रत्येकात काहीतरी खोट काढतात. हे शेवटचं गं बाई."

हेर नेगेले स्वयंपाकघरात शिरले, डाव्या भिंतीकडे बघितलं आणि खांबासारखे उभेच राहिले.

"हे काय केलंस?"

"साफसफाई!" मी म्हणाले. "चला, लावू या!"

सिंक बसलं. ओटा बसला. एक कपाट, दुसरं कपाट. राहिलं शेवटचं, फ्रीडाबाईंचं. दागमारने एक बाजू धरली, मी दुसरी. श्वास रोखला. ढकललं. खर्र... खर्र... ठप्प!

"बसलं!" मी उडीच मारली. "बसलं, बसलं, बसलं!"

हेर नेगेले एका खोक्यावर बसले. चेहरा प्लास्टरसारखा पांढरा.

"पप्पा? चांगलं झालं ना?"

"बसायला नको होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी सोमवारीच मोजली होती भिंत. तीनशे दोन." त्यांनी वही उघडून दाखवली. तीनशे दोन, खाली दोन रेघा मारून. "म्हटलं, आणू, बसणार नाही, परत नेऊ. घरी. कुणाला दोष नाही. तेवढ्यात ही पोरगी फोनवर म्हणाली तीनशे सहा! म्हटलं, वा, आता तर दोषही माझ्यावर येत नाही."

झालं, माझं डोकं सटकलं! न भांडण्याचं वचन खिडकीतून बाहेर गेलं.

"माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं? दोन दिवस मी भिंत फोडतेय! हे हात बघा! हे केस बघा, अजून पांढरेच आहेत! नाही यायचं तर नाही म्हणा ना! लेकीला तोंडावर सांगा! पाणसळी कसल्या लावताय, ऊन कसलं मोजताय!"

"आणि तू?" तेही खोक्यावरून उठले. "तुला मोजता येत नाही हे सांगायला काय झालं होतं? कपाट कापायचं सोडून भिंत फोडलीस!"

"त्याच्यावर फ्रीडाबाईंनी लिहिलंय म्हणून!"

मी इतकी मोठ्याने ओरडले की हेर नेगेलेंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दागमारने डोळ्याला बाही लावली.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. "माझी पाटी इथे कुणी टांगली?" पाटी बाजूला झाली आणि भोकात फ्राऊ मोझरचा एक डोळा दिसला! डोळा गरागरा फिरला, छिन्नीवर आला, मग माझ्यावर आला. "अच्छा. म्हणजे तू होय गं ती!"

"मी," मी म्हणाले.

डोळा हेर नेगेलेंकडे वळला. "मग तुमची माफी मागायला हवी." आणि मग पिवळ्या कपाटांवर जाऊन थांबला. "अगंबाई! हाच रंग. माझ्या लग्नात असंच स्वयंपाकघर घेतलं होतं. त्याच्या दाराची बिजागरी दर हिवाळ्यात कुरकुरते, हो की नाही?"

"मेण लावायचं," हेर नेगेले हळूच म्हणाले. "फ्रीडा मेण लावायची."

"मी लोणी लावायचे."

"लोणी? लाकडाला?"

"नवऱ्याला काही कळलं नाही कधी!"

हेर नेगेले हसले. सहा दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी ते शेवटचं कपाट उघडलं, चष्मा लावला आणि दारावरची पेन्सिलीची अक्षरं बोटाने चाचपत खालपर्यंत गेले, एकही पुसलं नाहीय ना ते बघत. एकही पुसलं नव्हतं. फ्राऊ मोझरचा डोळासुद्धा फिरायचा थांबला, आणि हे मी लिहून द्यायला तयार आहे.

"कागद आण," ते म्हणाले.

सही केली तेव्हाच आई कामावरून आली. आधी भिंत बघितली, मग भोक, मग भोकातला डोळा, मग मला. मी सही तिच्या नाकासमोर धरली. "झाली! न भां... जवळजवळ न भांडता!"

"ताईबाई," हेर नेगेले आईला म्हणाले, "भोक मी बुजवून घेईन. दोष एकूण सतरा आहेत, पण चालतील. एकच अट आहे. जी पोरगी परक्या बाईच्या अक्षरांसाठी भिंत फोडते, तिला मोजता येत नाही, हे मला माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर सहन होणार नाही. रोज चार वाजता खाली पाठवा. गणित, भूमिती, आराखडे. तिला जमेल. मी चाळीस वर्षं लोक पाहिलेत."

"तिला जमेल" हे मला आधी कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून मी क्षणभर खूश झाले, आणि त्या क्षणात आईने "हो" म्हणूनही टाकलं!

आईने शब्द पाळला हां. त्या दिवसापासून तिने शाळेचा श काढलेला नाही. चार वाजले की ती नुसती जिन्याकडे बोट दाखवते. खाली पिवळ्या ओट्यावर वही, कोनमापक आणि लोणी लावलेलं ब्रेझेल मांडलेलं असतं. मी आता मिलिमीटरपर्यंत मोजते, अपूर्णांक चावून खाते, आणि परवा तर मी त्यांचीच एक चूक काढली. ते इतके खूश झाले की शिकवणी अर्धा तास वाढवली.

एक सांगू? शाळेला निदान रविवारची सुट्टी असायची!